प्रवासाची आठवण विकत घेताना

परदेशप्रवासाहून परतलेल्या माणसाची पेटी उघडली जाते तेव्हा घरातील लहानथोर मंडळी तिच्याभोवती गोळा होतात. प्रवासाच्या हकीकती मागाहून, आधी वस्तू. कोणासाठी काय आणले, ते कोठले, त्याला काय पडले, हे प्रश्न ठरलेले असतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रवाशाजवळ बहुधा तयार असते. मधल्या प्रश्नाशी मात्र तो अडखळतो. पिसाचा झुकता मनोरा त्याने रोमच्या स्टेशनाबाहेर घेतलेला असतो, आणि तो ओतलेला असतो तिसऱ्याच देशातील कारखान्यात. परतीच्या विमानास तासभर उरला असता घाईघाईने जे हाती लागले ते घेतले, एवढीच पुष्कळ वस्तूंची कुळकथा असते.

यात प्रवाशाचा सगळाच दोष आहे असे म्हणता येणार नाही. पाहावयाच्या स्थळांची यादी लांब, मुक्काम थोडा, आणि भाषा अनोळखी. तथापि ज्या देशाला जाण्यासाठी माणूस वर्षानुवर्षे पैसा साठवितो, त्या देशाच्या हातची एखादी वस्तू घरी आणावयाची, तर ती निवडण्यासाठी थोडा विचार आणि अर्धा दिवस खर्च करणे अगदीच अशक्य नसते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती ही की, वस्तूच्या नावावर विसंबून चालत नाही. 'पनामा हॅट' या नावाने जगभर ओळखली जाणारी गवताची टोपी मूळची पनामाची नव्हेच. ती दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात विणली जाते. एकोणिसाव्या शतकात तिचा व्यापार पनामाच्या संयोगभूमीवरून चाले, म्हणून तिला ते नाव चिकटले. इक्वेडोरच्या या विणकामाची नोंद युनेस्कोने २०१२ साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली आहे. त्याचप्रमाणे एखादी वस्तू दिसावयास जुनी म्हणून ती प्राचीन असेलच, असेही नाही. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशी रशियातील लाकडी बाहुली पुष्कळांना अनादिकालची लोककला वाटते. वास्तविक ती १८९० नंतरच्या दशकात प्रथम घडविली गेली, आणि १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनापासून तिची ख्याती पसरली. म्हणून ती कमी प्रतीची ठरते असे नाही. सांगावयाचे इतकेच की, नाव आणि वय यांपेक्षा वस्तू कोणाच्या हातची आहे आणि कोणत्या गावी घडली आहे, हे पाहणे अधिक अगत्याचे असते.

हे कसे पाहावे, याचा उत्तम पाठ इटलीतील व्हेनिस शहराच्या भोवतालच्या उथळ खाडीत मिळतो. या खाडीत दोन लहान बेटे आहेत. एक मुरानो, ते काचेसाठी प्रसिद्ध आहे. दुसरे बुरानो, ते सुईच्या लेसकामासाठी प्रसिद्ध आहे. या दोन्ही कलांची नक्कल जगभर होते, आणि ती नक्कल खुद्द त्या बेटांवरच्या दुकानांतही येऊन बसली आहे. त्यामुळे खरेखोटे पारखण्याची कसोटी येथे प्रवाशाला अटळपणे लागते.

व्हेनिसमध्ये रस्त्यावरच्या बसऐवजी 'व्हापोरेत्तो' नावाची बोट चालते. तिने मुरानो शहराच्या उत्तर किनाऱ्यापासून सुमारे दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. इ. स. १२९१ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातील काचभट्ट्या या बेटावर हलविण्याचा हुकूम काढला. शहरातील घरांत लाकडाचा वापर फार असल्याने आगीचे भय मोठे होते. शिवाय सर्व कारागीर एका बेटावर असले म्हणजे त्यांच्या विद्येवर पहारा ठेवणेही सोपे जाई. काचकाराला मान मोठा होता, परंतु परवानगीवाचून राज्य सोडून जाण्याची त्याला मुभा नव्हती. पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर या कारागिराने स्फटिकासारखी निर्मळ काच सिद्ध केली आणि मुरानोचे नाव युरोपच्या राजवाड्यांत पोहोचले. पुढे १६६५ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा मंत्री कोल्बेर याने मुरानोचे आरसे करणारे कारागीर गुप्तपणे पॅरिसला नेले. त्या काळी विद्या चोरावयाची तर माणूस पळवावा लागे. आज वस्तूचे छायाचित्र मिळाले तरी पुरते.

१७९७ मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळले, कारागिरांचे संघ मोडले गेले, आणि मुरानोच्या भट्ट्या एकामागून एक विझू लागल्या. विद्या नष्ट होण्याची वेळ आली असता विंचेन्झो झानेत्ती नावाच्या एका धर्मगुरूने १८६१ साली तेथे काचेचे संग्रहालय उभे केले. दुसऱ्याच वर्षी त्याला जोडून कारागिरांसाठी चित्रकलेची शाळा निघाली. बापजाद्यांनी काय करून ठेवले आहे, हे मुलांनी पाहावे आणि हातांनी पुन्हा करावे, हा त्यामागील हेतू. ते संग्रहालय आजही आहे. मुरानोला जाणाऱ्याने दुकानात शिरण्यापूर्वी तेथे तासभर घालवावा. उत्तम वस्तू एकदा नजरेखालून गेल्या की हिणकस वस्तू डोळ्याला आपोआप खुपू लागते.

त्यानंतर एखादी भट्टी पाहावी. वाळू, सोडा आणि चुना यांचा रस हजार अंशांहून अधिक उष्णतेत तयार होतो. लांब पोकळ नळीच्या टोकावर त्याचा मधासारखा गोळा घेऊन, नळीत फुंकर मारीत, ती सतत फिरवीत, मुख्य कारागीर त्याला आकार देतो. या मुख्य कारागिराला तेथे 'माएस्त्रो' म्हणतात. त्याचा मदतनीस, आणि मदतनीसाचा उमेदवार, असे दोघेतिघे त्याच्या हातांकडे पाहत असतात. कारण काच निवू लागली की पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरावी लागते, आणि कोणी बोलण्यापूर्वीच दुसऱ्याला ते समजावे लागते. मुरानोची काच सोड्याची असल्याने बराच वेळ मऊ राहते. म्हणूनच पाने, फुले, पक्षी, पिळाचे दांडे असे नाजूक आकार तिला देता येतात. वस्तू पुरी झाली तरी ती लागलीच बाहेर ठेवता येत नाही. दुसऱ्या भट्टीत ती तासन् तास हळूहळू निवावी लागते, नाही तर तडकते. हे सारे पाहिल्यावर किमतीविषयीची प्रवाशाची तक्रार पुष्कळशी आपोआप मिटते.

मात्र भट्टी पाहावयास जावे ते स्वतःच्या तिकिटाने. मुरानोला फुकट मोटार-नाव देऊ करणारी मंडळी व्हेनिसच्या हॉटेलांतून भेटतात. ती नाव ठरावीक दुकानाच्या धक्क्याला लागते, आणि त्या फुकट फेरीची दलाली वस्तूच्या किमतीत मिसळलेली असते. शिवाय उपकाराखाली दबलेल्या माणसाला 'नको' म्हणणे जड जाते, हे विक्रेता पुरते ओळखून असतो.

आता दुकानात उभ्या असलेल्या प्रवाशाने खरी वस्तू ओळखावी कशी? व्हेनेतो प्रांताच्या सरकारने १९९४ साली कायदा करून 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' ही खूण निश्चित केली. त्या बेटावर घडलेल्या वस्तूवरच ही चिकटपट्टी लावता येते. अर्थात प्रत्येक अस्सल भट्टी ही खूण लावतेच असे नाही. काही जुन्या घराण्यांना स्वतःची सही पुरेशी वाटते. म्हणून खुणेच्या जोडीला तीन साधे प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोणी केली, कोणत्या भट्टीत केली, आणि कशा रीतीने केली? प्रामाणिक विक्रेता या प्रश्नांनी खुलतो. तो कारागिराचे नाव सांगतो, पावतीवर भट्टीचे नाव लिहून देतो, आणि दोन पेल्यांत केसभर फरक का आहे तेही समजावून सांगतो. जो केवळ 'मुरानो शैलीची' असे म्हणून विषय बदलतो, त्याने उत्तर दिलेच आहे असे समजावे. 'शैली' हा शब्द अशा वेळी फार सांभाळून वापरलेला असतो.

वस्तू कोठली, हे कायद्याने बांधून घेण्याची ही रीत एकट्या मुरानोची नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या हेब्रिडीज बेटांवरील 'हॅरिस ट्वीड' या लोकरी कापडाची व्याख्या १९९३ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ठरविली. त्या बेटांवरील विणकराने आपल्या घरी हाताने विणलेले कापड तेवढेच हॅरिस ट्वीड. जपानने १९७४ साली पारंपरिक कलांसाठी कायदा केला आणि कसोटीस उतरलेल्या वस्तूंसाठी सरकारी खूण दिली. युरोपीय संघाचा याच प्रकारचा नवा नियम १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला असून, द्राक्षासव आणि चीज यांच्यासारखेच आता हस्तकलेच्या वस्तूंनाही गावाच्या नावाचे संरक्षण मिळू शकते. प्रवासास निघण्यापूर्वी ज्या देशी जावयाचे तेथली खूण कोणती, एवढे जरी विचारून ठेवले, तरी अर्धे काम होते.

किमतीच्या घासाघिशीविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. इस्तंबूलच्या छपरी बाजारात किंवा मोरोक्कोतील माराकेशच्या गल्ल्यांत भाव करणे हा शिष्टाचारच आहे. चहाचा पेला पुढे येतो, बोलणी होतात, आणि दोन्ही पक्ष समाधानाने उठतात. परंतु जेथे कारागीर स्वतःच्या कामाच्या बाकाशेजारी उभा आहे आणि किंमत चिठ्ठीवर लिहिलेली आहे, तेथे ती निम्म्यावर आणण्याचा आग्रह त्याला अपमानासारखा वाटतो. खिशास मोठी वस्तू परवडत नसेल तर लहान घ्यावी. मुरानोत रंगीत काचेच्या कांड्या एकत्र वितळवून, त्यांच्या चकत्या करून, फुलांची नक्षी साधतात. या नक्षीचा एखादा अस्सल मणी नकली झुंबराहून केव्हाही बरा.

मुरानोहून तीच बोट पुढे बुरानोला जाते. हे मूळचे कोळ्यांचे बेट. कालव्याच्या दोन्ही काठांवर लाल, निळी, पिवळी अशी भडक रंगाची घरे, आणि घराघरापुढे लेसची दुकाने. येथे सोळाव्या शतकापासून एक विलक्षण सुईकाम चालत आले. इटालियन भाषेत त्याला 'हवेतला टाका' अशा अर्थाचे नाव आहे. इतर भरतकामाला खाली कापड लागते. या कामात कापड शेवटी उरतच नाही. कागदावर आकृती काढतात, तो कागद कापडाच्या घडीवर टाचतात, रेषांवर दोरा बसवून घेतात, आणि मग नुसत्या सुईने मधल्या जागा जाळीने भरून काढतात. काम पुरे झाले म्हणजे खालचे टाके कापून लेस मोकळी करतात. परंपरेने या कामाचे टप्पे निरनिराळ्या बायकांकडे वाटलेले असत. कोणी रेषा घाली, कोणी जाळी भरी, कोणी जोडकाम करी. लेसचा एकच तुकडा सातसात हातांतून फिरून पुरा होई. तळहाताएवढ्या नमुन्यालाही कित्येक दिवस लागत.

ही कलाही एकदा मरणाच्या दारी पोहोचली होती. १८७२ सालच्या कडक थंडीत मासेमारी थांबली आणि बेटावर उपासमार आली. बायकांच्या हातांना काही काम द्यावे, असा विचार निघाला. तेव्हा असे आढळून आले की, जुना टाका जाणणारी एकच वृद्धा उरली आहे. तिचे नाव विंचेन्झा मेमो. वय सत्तरीच्या घरात. तिला स्वतःला टाका घालता येत होता, पण शिकविणे जमत नव्हते. मग आन्ना बेल्लोरिओ देस्ते नावाच्या शाळाशिक्षिकेने तिच्या शेजारी बसून, तिच्या बोटांकडे पाहून तो टाका उचलला आणि गावच्या मुलींना शिकविला. काउंटेस आंद्रियाना मार्चेल्लो यांच्या पुढाकाराने त्याच साली लेसची शाळा निघाली. एका म्हातारीच्या बोटांतून एका शिक्षिकेच्या बोटांत आणि तेथून शेकडो मुलींच्या बोटांत, असा त्या विद्येचा प्रवास झाला. मध्ये एखादे वर्ष जरी आळसात गेले असते, तरी पुढच्यांना संग्रहालयातील तुकडे पाहूनच समाधान मानावे लागले असते.

ती शाळा १९७० साली बंद झाली आणि १९८१ पासून तिच्या इमारतीत लेसचे संग्रहालय आहे. बेटावरच्या वयस्क बायका तेथे बसून सुई चालविताना दिसतात. बाहेरच्या दुकानांत मात्र टांगलेला बहुतेक माल यंत्राचा, आणि पुष्कळदा परदेशाहून आलेला असतो. ओळखण्याची रीत कठीण नाही. यंत्राची लेस उजवीकडून डावीकडे अगदी एकसारखी असते; हाताच्या लेसमध्ये टाक्याची घट्टसैल जाणवते. आणि जेथे मोठा टेबलक्लॉथ दोन जेवणांच्या किमतीत मिळतो, तेथे तो सात बायकांनी महिनोन् महिने खपून केला असणे शक्य नाही, हे समजावयास लेसच्या ज्ञानाचीही गरज नाही. साधा गुणाकार पुरतो.

येथे कोणी म्हणेल की, हौसेच्या खरेदीला एवढा विचार कशाला? दिसावयास छान, खिशाला परवडणारी, तर बिघडले कोठे? प्रवाशाचे फारसे बिघडत नाही, हे खरे. बिघडते ते कारागिराचे. मुरानोच्या भट्ट्या गॅसवर चालतात आणि त्या सहसा विझवीत नाहीत. विझविल्या तर काच वितळविण्याची भांडी तडकण्याची भीती, आणि पुन्हा तापविण्यात दिवस जातात. २०२१ च्या अखेरीपासून युरोपात गॅसचे भाव कडाडले तेव्हा सातशे वर्षांच्या या बेटावर कित्येक भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. अशा वेळी शेजारच्या दुकानात मुरानोच्या नावाने परका माल दहापट स्वस्त विकला जात असेल, तर माएस्त्रोच्या हाताखाली दहा वर्षे उमेदवारी करावयास कोणता तरुण येईल? वस्तूंचा व्यापार वाढत जावा आणि विद्या मात्र बुडावी, असा प्रकार त्यातून घडतो. प्रवाशाचे चार पैसे कोणत्या पारड्यात पडतात, यावर थोडेफार तरी अवलंबून असतेच.

काही वस्तू मात्र कितीही अस्सल असल्या तरी घेऊ नयेत. हस्तिदंत, कासवाच्या पाठीचे दागिने, काही जातींची पोवळी, दुर्मीळ प्राण्यांची कातडी, यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७३ साली झालेल्या आणि १९७५ पासून अमलात आलेल्या कराराने निर्बंध घातले आहेत. भारतही त्या करारात सामील आहे. दुकानदार 'काही होत नाही' म्हणून हमी देतो, पण कस्टमच्या टेबलापाशी तो बरोबर नसतो. जुन्या मूर्ती, नाणी, उत्खननातील भांडी यांविषयीही तेच. १९७० च्या युनेस्को करारानंतर बहुतेक देशांनी याबाबत कायदे कडक केले आहेत. ज्यांच्या देवळांतल्या मूर्ती चोरीला जाऊन परदेशी गेल्या, त्या देशाच्या लोकांना याचे मर्म अधिक सांगावयास नको.

घेतलेली वस्तू घरी सुखरूप आणणे हाही खरेदीचाच भाग आहे. काच दुकानातच बांधून घ्यावी, आणि पोकळ वस्तूच्या आतही कागद भरावयास सांगावे. पेटीत ती कपड्यांच्या मध्यभागी ठेवावी. लेस घडी न घालता गुंडाळून आणावी. पावती जपावी. युरोपातून बाहेर जाणाऱ्या परदेशी प्रवाशाला ठरावीक रकमेवरील खरेदीचा कर परत मिळण्याची सोय असते. त्यासाठी कागद दुकानातच भरून घ्यावा लागतो आणि निघताना कस्टममध्ये नोंदवावा लागतो. त्या पावतीच्या पाठीवर कारागिराचे नाव, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहून ठेवण्याची सवय चांगली. दहा वर्षांनी नातवंडे विचारतील तेव्हा स्मरणशक्तीवर भार पडत नाही.

या सर्व विचाराला एक घरचीही बाजू आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत; चामड्याची विद्या राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. जून २०२५ मध्ये इटलीतीलच मिलान शहरी एका विख्यात फॅशनगृहाने तशाच घाटाच्या चपला आपल्या प्रदर्शनात मांडल्या. त्या वेळी कोल्हापूरचे नाव घेतलेले नव्हते. इकडे निषेध झाल्यावर त्या गृहाने मूळ भारतीय कारागिरीचे असल्याचे मान्य केले. त्या प्रसंगी जो राग आला तो रास्तच होता. पण अथणी वा निपाणीच्या कारागिराला आपले नाव हवे असते, तसेच ते मुरानोच्या माएस्त्रोला आणि बुरानोच्या म्हातारीलाही हवे असते. आणि मिलानच्या बातमीने चिडणारा माणूस स्वतः कोल्हापूरला गेला असता देवळाबाहेर यंत्राची, रबरी तळव्याची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून घेत असेल, तर तेथेही तोच पाठ त्याला गिरवावा लागेल.

परदेशी जाणाऱ्याने म्हणून आपल्या यादीत एक ओळ वाढवावी. पाहावयाच्या दहा स्थळांपैकी एखादे कमी करून तेवढा वेळ एका कारागिराच्या दुकानात काढावा. वस्तू एकच घ्यावी, लहान घ्यावी, परंतु तिच्या गावी जाऊन, तिच्या करणाराला पाहून घ्यावी. भाषा येत नसली तरी अडत नाही. कामाकडे लक्ष देऊन पाहणारा माणूस कोणत्याही कारागिराला ओळखू येतो, आणि तो खुर्ची पुढे सरकवितो.